कागद कापवत नाही आणि ठसा धड उठत नाही

ताई, वर्षभरापूर्वी हाताने ग्रीटिंग कार्ड करायचा नाद लागला. लाकडी ठोकळ्याचे रबर स्टॅम्प आहेत, ते पारदर्शक स्टॅम्प आहेत, डिझाइनच्या कागदांचे पॅड तर इतके की कप्पा बंद होत नाही. पण कार्ड काही मनासारखं होत नाही. ठसा कधी अर्धाच उठतो, कधी फुटतो, कधी बाजूला नको ते डाग. कागद इतके सुंदर आहेत की कापवत नाहीत, आणि मन घट्ट करून कापलेच तर कार्डावर नुसती गर्दी दिसते. घडीवर कागद तडकतो, चिकटवलं की कार्ड वाकतं. नवरा म्हणतो एवढ्या वेळात तयार कार्ड आणून पोस्टात टाकूनही झालं असतं. त्यात आता ऑफिसमधल्या मैत्रिणीने वीस थँक्यू कार्डं सांगितलीत, पैसे देते म्हणाली. घेऊ का? आणि दुसऱ्या कुणी डिझाइन केलेल्या स्टॅम्पची कार्डं विकली तर चालतात का?
कात्रीला घाबरणारी

अगं घाबरट,

आधी नवऱ्याचं बघू म्हणजे तो विषय संपेल. वेळेच्या हिशोबात तो बरोबरच आहे, भांडू नकोस. छापील ख्रिसमस कार्ड निघालंच मुळी वेळ वाचवायला. १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल नावाचा एक भलताच बिझी गृहस्थ होता, नाताळात आलेल्या ढीगभर पत्रांना एकेक उत्तर लिहीत बसायला त्याला सवड नव्हती, म्हणून त्याने जॉन कॉलकॉट हॉर्स्ली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं, कार्डं छापून घेतली आणि नावं घालून पाठवून दिली. पहिलं छापील ख्रिसमस कार्ड म्हणतात ते हे. तेव्हा नवऱ्याला सांग की तुझा मुद्दा मान्य होऊन पावणेदोनशे वर्षं उलटली, मला मात्र वेळ घालवायचाच आहे. झालं, विषय संपला.

आता मुद्द्याचं. तुझ्या पत्रावरून मला तुझा क्रम दिसतोय. आधी कप्पा उघडायचा, सगळ्यात सुंदर कागद बाहेर काढायचा, मग त्याला शोभेल असा स्टॅम्प शोधायचा, तीन शोभतात म्हणून तिन्ही वापरायचे, मग आठवतं की अरे 'थँक्यू' कुठे छापायचं, ते कुठेतरी कोपऱ्यात कोंबायचं, आणि शेवटी हे सगळं मावेल असं पाकीट शोधत बसायचं. बरोब्बर ना? हे पूर्ण उलटं कर. आधी पाकीट, मग शब्द, मग चित्र, आणि डिझाइनचा कागद सगळ्यात शेवटी. तुझ्या निम्म्या तक्रारी नुसत्या एवढ्याने जातील, खरंच सांगते.

पाकीट आधी का, तर तुला माप मिळतं आणि माप मिळालं की पुढचे अर्धे निर्णय आपोआप होतात. ए४ साइजची जाड शीट २१० बाय २९७ मिलिमीटर असते, ती मधोमध कापली की दोन तुकडे होतात, त्यातला एक तुकडा मधोमध दुमडला की १०५ बाय १४८ चं कार्ड तयार, याला ए६ म्हणतात आणि ते सी६ पाकिटात, म्हणजे ११४ बाय १६२ मध्ये, छान मोकळं बसतं. एका शीटमध्ये दोन कार्डं, उरलंसुरलं काही नाही. निदान ही वीस कार्डं होईपर्यंत तरी हेच एक माप धर. चौकोनी, उभं लांबट, खिडकीवालं, तीन घड्यांचं, ते सगळं नंतर.

मग शब्द. तुझ्याकडे 'थँक्यू'चा जो स्टॅम्प आहे तो आधी रफ कागदावर उठव, त्याची लांबी-रुंदी मोज आणि कार्डावर त्याची जागा पेन्सिलने हलकीशी आखून टाक. हे आधी केलंस की चित्राला उरलेली जागा मिळते. नाहीतर होतं काय, चित्र ऐसपैस बसतं आणि शब्द बिचारे कुठेतरी उभ्यानेच प्रवास करतात.

आता ठशाकडे येते, कारण खरा गोंधळ तिथे आहे आणि त्यावर मी जरा जास्तच बोलणार आहे, सवड काढून वाच.

बाजूला डाग येतात म्हणालीस ना, ते येतात कारण तू स्टॅम्प पॅडवर दाबतेस. स्टॅम्प खाली दाबला की पॅडचा मऊ स्पंज आजूबाजूने वर येतो आणि चित्राच्या बाहेरच्या रबरालाही शाई लागते, मग तीच शाई कागदावर उतरते. त्यापेक्षा स्टॅम्प चित्राची बाजू वर करून टेबलावर ठेव आणि पॅड हातात धरून त्यावर हलके हलके टेकवत फिरव, टप टप टप, दाबायचं नाही. वरून बघितलंस की चित्रावर सगळीकडे सारखी ओली चकाकी दिसते, कुठे कोरडं राहिलंय ते तिथल्या तिथे कळतं. पॅडपेक्षा मोठा स्टॅम्प असेल तरी याच पद्धतीने चालतं. मग कागदावर नेण्याआधी कडेच्या रबराला चुकून शाई लागलीय का बघ, लागली असेल तर टिश्यूने पुसून घे.

अर्धा ठसा उठतो त्याचं कारण बहुतेक वेळा टेबल. रबर स्टॅम्पला खाली थोडी लवचीक जागा लागते, एकदम कडक काचेच्या किंवा दगडी टेबलावर रबराचा उंच भाग टेकतो आणि बाकीचा हवेत राहतो. कागदाखाली एखादं जुनं मासिक ठेव किंवा माउस पॅड उलटा करून ठेव, फरक लगेच दिसेल. पारदर्शक स्टॅम्पला तर पातळ फोमची शीट खाली हवीच, कारण लाकडी स्टॅम्पमध्ये रबर आणि लाकूड यांच्यामध्ये फोमची गादी आधीच असते, पारदर्शक स्टॅम्प मात्र थेट कडक अ‍ॅक्रिलिक ब्लॉकला, म्हणजे काचेसारख्या प्लास्टिकच्या ठोकळ्याला चिकटतो. आणि उभी राहून दाब. बसून दाबलं की जोर तिरका जातो, पुढची कड गडद आणि मागची फिकी. सरळ खाली, मधून एकदा, मग बोटांनी चारही कोपऱ्यांवर, पण डोलवायचं नाही! डोलवल्याने सगळीकडे लागेल असं वाटतं खरं, प्रत्यक्षात कडा दुहेरी होतात. उचलतानाही दुसऱ्या हाताने कागद धरून स्टॅम्प सरळ वर घे.

पारदर्शक स्टॅम्प नवीन असेल तर आणखी एक भानगड असते, शाई त्यावर पसरतच नाही, बारीक थेंब थेंब होऊन बसते आणि ठसा ठिपक्याठिपक्यांचा येतो. लोकांना वाटतं शाई खराब आहे. कारखान्यातून येताना पृष्ठभागावर जो गुळगुळीतपणा असतो त्याचा हा प्रताप. साध्या मऊ खोडरबराने वरून हलकं घासून घे, पुसून टाक, आणि रफवर दोन-चार ठसे मार, लागेल रांगेला.

आता शाई फुटते त्याबद्दल. इथे हाताचा दोष शून्य, ही शाई आणि कागदाची जोडी जमत नाहीये. डाय इंक पातळ असते, कागदात मुरते, पटकन वाळते, बारीक रेघांना उत्तम, पण सच्छिद्र मऊ कागदावर ती तंतूंमधून पसरते आणि रेघेला पिसं फुटतात. पिगमेंट इंक दाट असते, कागदाच्या वर बसते, रंग भरघोस आणि उन्हात सहसा जास्त टिकाऊ, पण वाळायला वेळ घेते आणि चकचकीत कोटेड कागदावर कधी कधी वाळतच नाही, दुसऱ्या दिवशीही बोटाला लागते. म्हणून ठशासाठी एक पांढरी, गुळगुळीत, कोटिंग नसलेली जाड शीट ठरवून टाक आणि ठसे कायम तिच्यावरच उठव. पोत असलेला, खडबडीत हँडमेड कागद दिसायला देखणा असतो पण बारीक नक्षीचा स्टॅम्प त्यावर मार खातो, तो पाया म्हणून किंवा पट्टी म्हणून वापर.

ठशात रंग भरणार असशील तर रंग कोणते ते आधी ठरव, मग शाई घे. वॉटर कलर किंवा ब्रश पेन पाण्याने फिरवणार असलीस तर बाह्यरेषेची शाई वॉटरप्रूफ पाहिजे, नाहीतर फुलाच्या कडा सगळ्या फुलात विरघळतात. आणि अल्कोहोल मार्कर असतील तर उलटी गंमत, काही वॉटरप्रूफ शाया सॉल्व्हंटवर बनवलेल्या असतात, त्या पाण्याला दाद देत नाहीत पण मार्करमधल्या अल्कोहोलने सुटतात आणि मार्करचं टोकही घाण करतात. तिथे पाण्यावर बनलेली डाय इंक बरी, तीही पूर्ण वाळू देऊन. पॅडवर लिहिलेलं असतं कशासाठी चालतं ते, तरी रफ तुकड्यावर बघूनच पुढे जा.

एक सोपी युक्ती सांगते जी फार लोक वापरत नाहीत. शाई लावलेला स्टॅम्प आधी एकदा रफ कागदावर उठव आणि मग परत शाई न लावता लगेच कार्डावर उठव. दुसरा ठसा फिका येतो, त्याच रंगाची हलकी छटा. एका हिरव्या पॅडमधून तुला गडद पान आणि फिकं पान दोन्ही मिळतात, गडद पुढे आणि फिकं मागे, कार्डाला खोली येते आणि नवीन पॅड घ्यायची गरज पडत नाही. दुसरं पान पहिल्यावर चढू नये असं वाटलं तर पहिलंच पान स्टिकी नोटवर उठवून कापून घे, कार्डावरच्या पानावर ते तात्पुरतं चिकटव, आणि वरून दुसरा ठसा मार. नोट काढलीस की दुसरं पान पहिल्याच्या मागून डोकावल्यासारखं दिसतं.

एम्बॉसिंगबद्दल, म्हणजे ठसा कागदावर उंच उठून दिसेल असा करण्याबद्दल, तू विचारलं नाहीस पण विचारशीलच, म्हणून थोडक्यात. पिगमेंट इंक किंवा एम्बॉसिंगची शाई ओली असतानाच वर पावडर टाकायची, झटकायची, मग हीट गनने वितळवायची. केस वाळवायचा ड्रायर चालत नाही, त्याची उष्णता कमी आणि हवा जास्त, पावडर वितळायच्या आधी घरभर. ठसा उठवण्याआधी कागदावर चिमूटभर टाल्कम पावडर फिरवून पुसली तर नको तिथे चिकटणारे कण कमी होतात. बाकी पहिल्या वीस कार्डांत एम्बॉसिंग करू नकोस, असं माझं स्पष्ट मत आहे.

काम झालं की स्टॅम्प तेव्हाच्या तेव्हा ओल्या मऊ कापडाने पूस, फार तर साबणाचं थोडं पाणी. लाकडी स्टॅम्प पाण्यात बुडवून ठेवायचा नाही, लाकूड फुगतं आणि रबर सुटतं. पारदर्शक स्टॅम्पवर रंगाची झाक राहतेच, ती घाण नाही, पुढच्या ठशात उतरत नाही, उगाच घासत बसू नकोस. आणि दोन्ही उन्हापासून लांब. चार्ल्स गुडइयरने गंधक आणि उष्णता वापरून रबर पक्कं करायचं पेटंट १८४४ मध्ये घेतलं म्हणून आपलं रबर उकाड्यात चिकट होत नाही आणि थंडीत कडक पडत नाही, पण ऊन त्यालाही सोसत नाही, वर्षानुवर्षं उन्हात राहिलं की ते कडक होऊन तडकतं. पारदर्शकवाले पिवळे पडतात.

आता तुझा लाडका विषय, कागद.

कापवत नाही हे मी समजू शकते, पण थोडा हिशोब कर म्हणजे भीती जाईल. आपलं कार्ड १०५ बाय १४८. चारही बाजूंनी ३ मिलिमीटर पांढरी कड सोडली तर वरचं पॅनेल, म्हणजे कार्डावर चिकटवायचा कागद, ९९ बाय १४२ होतं. बारा इंची कागद म्हणजे साधारण ३०५ मिलिमीटरचा चौकोन, त्यातून अशी सहा पॅनेलं निघतात आणि वर एक २१ मिलिमीटरची पट्टी उरते. पण तुला पूर्ण पॅनेल लागतंच कशाला? कार्डावर आडवी २५ मिलिमीटर रुंदीची पट्टी लावलीस, लांबी ९९, तर त्याच एका कागदातून छत्तीस पट्ट्या निघतात. छत्तीस! तुझ्या मैत्रिणीची वीसच्या वीस कार्डं एका कागदात होतात आणि तरी सोळा पट्ट्या उरतात. कप्पा बंद होत नाही म्हणतेस, जन्मभर पुरतील एवढे कागद आहेत तुझ्याकडे.

आणि पूर्ण पॅनेल लावायचंच असेल तर हे कर. ज्या पॅनेलवर मधोमध पांढरा तुकडा चिकटवायचा आहे त्याचा मधला भाग आधीच कटरने काढून घे, चारी बाजूंनी साधारण एक सेंटिमीटर कागद पांढऱ्या तुकड्याखाली जाईल एवढा ठेव. वरून कुणाला कळत नाही, खाली भोक आहे हे फक्त तुला माहीत, आणि निघालेला तुकडा दुसऱ्या कार्डाला. कार्ड हलकंही होतं.

गर्दी दिसते त्याचं कारण प्रिंटचं माप. कागदाच्या पॅडमध्ये जो कागद आपण हावरटासारखा बघतो तो नेहमी मोठ्या फुलांचा असतो, आणि कार्ड असतं तळहाताएवढं. त्या फुलाचं पाऊण फूल पॅनेलमध्ये येतं, उरलेलं कडेला कापलं जातं, वर तू स्टॅम्पचं आणखी एक फूल ठेवतेस, आणि दोन्ही फुलं एकमेकांशी भांडतात. कार्डासाठी खरे उपयोगी कागद ते ज्यांच्याकडे तू ढुंकूनही बघत नाहीस, बारीक ठिपके, बारीक रेघा, छोटे चौकडे, फिकट रंगावर फिकट नक्षी. मोठ्या फुलांचा कागद आवडतोच तर त्यातलं एक आख्खं फूल कात्रीने कडेकडेने कापून घे आणि तेच चित्र म्हणून वापर, मग त्या कार्डावर स्टॅम्प फक्त शब्दांचा.

दोन प्रिंट एकत्र लावायचे झाले तर एक मोठा आणि एक बारीक, आणि दोघांच्या मध्ये साध्या कागदाची ३ मिलिमीटरची कड. ती कड गाळू नकोस, छोटी दिसते पण सगळं कार्ड तिच्यावर उभं असतं. तीन प्रिंट नकोतच या मापात. रंगाचं म्हणशील तर पट्टीच्या कागदातला सगळ्यात गडद रंग शोध आणि ठशाला त्याच रंगाची शाई घे. सगळं एका घरचं वाटतं.

ठसा थेट डिझाइनच्या कागदावर मारायचा मोह आवर. विशेषतः शब्द. प्रिंटवर अक्षरं हरवतात, वाचणाऱ्याला डोळे बारीक करावे लागतात. शब्द पांढऱ्या तुकड्यावर उठव, कापून पट्टी कर आणि ती प्रिंटवर चिकटव, चुकलं तर फक्त तेवढी पट्टी वाया जाते. तुझी कात्रीची भीती इथे आपोआप कमी होईल बघ, कारण महागडा कागद ठशाच्या जुगारात लागतच नाही. आणि चिकटवण्याआधी सगळे तुकडे नुसते मांडून मोबाइलवर फोटो काढ, तो ब्लॅक अँड व्हाइट कर. सगळं एकाच राखाडी रंगात मिसळलं असेल तर ते कार्ड रंगीतही गर्दीचंच वाटणार, काहीतरी काढून टाक. शब्द तेवढ्यात पटकन दिसले तर चिकटव.

घडी तडकते ती दोन कारणांनी. एक म्हणजे कागदालाही धारा असतात, तंतू एका दिशेने पसरलेले असतात. शीट हातात घेऊन एकदा उभी आणि एकदा आडवी नुसती वाकवून बघ, ज्या बाजूने सहज वाकते त्या बाजूला घडी घाल, आडव्या धाऱ्यावर दुमडलीस की तंतू तुटतात आणि घडी केसाळ होते. दुसरं म्हणजे तू बहुतेक आधी रेघ पाडत नाहीस. रिफिल संपलेला बॉलपेन आणि स्टीलची पट्टी घे, घडीच्या जागी दाबून रेघ ओढ, मागच्या बाजूला बारीक उंचवटा येतो, तो उंचवटा घडीच्या आत यायला पाहिजे. बरेच जण खोबणीच्या बाजूला दुमडतात, ते उलटं आहे. मग वर रफ कागद ठेवून चमच्याच्या पाठीने दाब, थेट घासलंस तर कार्डावर चकाकी येते. पायासाठी कागद २५० ते ३०० जीएसएमचा (म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन तेवढे ग्रॅम) घे, त्याहून बराच पातळ असला तर कार्ड उभं राहत नाही, लोळतं. गडद रंगाच्या शीटला घडीवर पांढरी रेघ दिसत असेल तर तिचा रंग फक्त वरवरचा आहे, आतपर्यंत रंगलेली शीट मिळते ती बघ.

वाकण्याचं कारण गम. पांढऱ्या गममध्ये पाणी असतं, कागद ते पितो, फुगतो, मग वाळताना आखडतो आणि खालच्या कार्डाला ओढून घेतो. मोठ्या पॅनेलला डबल साइड टेप लाव, पांढरा गम छोट्या तुकड्यांना, तोही ठिपक्याएवढा. गमचा फायदा एकच की तुकडा सरकवून सरळ करायला काही सेकंद मिळतात, टेप एकदा बसली की बसली. चिकटवून झालं की दोन जाड पुस्तकांखाली रात्रभर. फोम टेप मला फार आवडते, शब्दांची पट्टी उचलून येते, पण पोस्टाने जाणाऱ्या कार्डात एकाच थरापुरती ठेव, जाड पाकीट वाटेत चेपतं आणि चित्र मागच्या बाजूने उमटतं.

आता वीस कार्डं. पैसे घे. 'मैत्रीण आहे, कसे मागू' वगैरे काही नको, ती स्वतःहून देते म्हणालीय. कागद, पाकीट, टेप, शाईचा अंदाज असा सामानाचा खर्च काढ, त्यात तुझ्या तासांचे पैसे मिळव, आणि काम सुरू करायच्या आधी एका कार्डाची किंमत तिला सांग. नंतर सांगितलं की दोघींनाही अवघड होतं. तासांचे पैसे ऐकून तीच म्हणाली की इतके नको, तर डिझाइन साधं कर, स्वतःला स्वस्त करू नकोस.

स्टॅम्पचं म्हणशील तर विकत घेतलेला स्टॅम्प म्हणजे चित्राचा हक्क विकत घेतला असं होत नाही, चित्र अजून डिझायनरचंच असतं. पण बऱ्याच स्टॅम्प कंपन्या हाताने उठवलेल्या ठशांची कार्डं थोड्या प्रमाणात विकायला परवानगी देतात, याला त्या धंद्यात एंजल पॉलिसी म्हणतात. अटी प्रत्येकीच्या वेगळ्या. कुणी संख्येची मर्यादा घालतं, कुणी मागे आपलं नाव छापायला सांगतं, आणि ठसा स्कॅन करून प्रिंटरवर छापायला बहुतेक सगळ्यांची मनाई असते. म्हणजे वीसही कार्डांवर ठसा तुलाच हाताने मारायचाय. कंपनीच्या साइटवर ही पॉलिसी शोध, नसेल तर सरळ मेल टाकून विचार. कार्टूनमधल्या प्रसिद्ध पात्रांचे स्टॅम्प मात्र विक्रीच्या कार्डांना वापरू नकोस, त्यांचे नियम फार कडक असतात. डिझाइनच्या कागदाचंही तसंच बघ, मूळ कागद कापून चिकटवणं निराळं आणि त्याची कलर झेरॉक्स काढून कार्डं करणं निराळं.

डिझाइन मी तुला देते, आवडलं तर घे. पांढरं कार्ड आडवं धरायचं नाही, उभं. त्यावर टेपने ९९ बाय १४२ चं साधं फिकट रंगाचं पॅनेल, खालून पाऊण इंच सोडून बारीक रेघांची २५ मिलिमीटरची आडवी पट्टी. ठशाच्या पांढऱ्या शीटचा ६५ बाय ८५ चा तुकडा, त्यावर पानांची एक डहाळी गडद आणि तिच्या मागे एक फिकी, तो तुकडा असा लाव की त्याची खालची कड पट्टीच्या वरच्या कडेवर थोडी चढेल. 'थँक्यू' वेगळ्या अरुंद पट्टीवर, फोम टेपने, उजवीकडे जरा सरकवून, पट्टीच्या रेघांवर. बस. फीत, मोती, चमचम काही नाही. तुझा हात शिवशिवणार, माहितीये मला.

काम टप्प्याटप्प्याने कर, एकेक कार्ड पूर्ण करत बसू नकोस. आधी सगळं कापून घे, मग सगळ्या घड्या, मग सगळे ठसे एका बैठकीत, आणि ठसे वीसच्या ऐवजी पंचवीस मार, म्हणजे पाच वाईट आले तरी जीव खालीवर होणार नाही. पुष्कळ पारदर्शक स्टॅम्प असतील तर झाकणवालं स्टॅम्प पोझिशनर मिळतं ते उसनं तरी घे कुणाकडून, त्यात स्टॅम्प जागेवर धरून राहतो आणि ठसा फिका आला तर परत शाई लावून त्याच जागी दुसऱ्यांदा मारता येतो. ठसे रात्रभर वाळू दे आणि मग चिकटवायला बस. आतली बाजू कोरी ठेव, मजकूर तिला तिच्या अक्षरात लिहू दे.

पण सगळ्यात आधी एकच कार्ड पूर्ण कर, पाकिटात घाल आणि तिला दाखव. तिने रंग बदलायला सांगितला तर आत्ता एक पट्टी बदलावी लागेल, नंतर वीस. ती हो म्हणाली की मग तो बारा इंची कागद काढ, मागच्या बाजूने पेन्सिलने छत्तीसच्या छत्तीस पट्ट्या आख, आणि लांब पट्ट्यांना कात्री वापरू नकोस गं, स्टीलची पट्टी आणि कटर वापर, खाली कटिंग मॅट. पाती नवीन घाल.

तुझी ताई